नाण्यावरचं घर

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांना नाणी जमवायचा छंद असेल. मग तुमच्या डबीत अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं आहे का, ते जरा बघा. तिकडे या नाण्याला 'निकल' म्हणतात. नाण्याच्या एका बाजूला एका माणसाचा चेहरा आहे. आता ते उलटा. दुसऱ्या बाजूला काय दिसतं? मधोमध घुमट, पुढे खांबांची पडवी, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या असलेलं एक टुमदार घर! त्याच्या खाली बारीक अक्षरांत नावही कोरलेलं आहे : मॉन्टिचेलो.

नाण्यावर राजाचं चित्र असतं, सिंह असतो, एखादं पीक असतं. पण कुणाचं राहतं घर नाण्यावर? तेही १९३८ सालापासून! मध्ये २००४ आणि २००५ या दोन वर्षी खास वेगळी चित्रं काढली होती, पण २००६ पासून हे घर पुन्हा आपल्या जागी येऊन बसलं.

आज आपण याच घरात जाऊन येणार आहोत. घर सुंदर आहे, गमतीदार आहे. पण त्याच्या भिंतींत काही कडू गोष्टीही दडलेल्या आहेत. त्या टाळून नुसती गंमत पाहून परत यायचं, असं आपण करणार नाही. चला तर मग!

डोंगराचा माथा कापला

हे घर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, शार्लट्‌सव्हिल नावाच्या गावाजवळ आहे. राजधानी वॉशिंग्टनपासून मोटारीनं साधारण अडीच तासांची वाट. घर एका टेकडीवजा डोंगराच्या डोक्यावर आहे. उंची सुमारे ८६७ फूट. 'मॉन्टिचेलो' हा इटालियन शब्द आहे आणि त्याचा अर्थच मुळी 'छोटा डोंगर'.

नाण्यावर ज्याचा चेहरा आहे, त्या थॉमस जेफरसन यांचं हे घर. त्यांचा जन्म १७४३ सालचा. अमेरिका तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होती. जेफरसन चौदा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. मोठेपणी त्यांच्या वाट्याला जवळजवळ पाच हजार एकर जमीन आली, आणि हा डोंगरही त्यातलाच. लहानपणापासून त्यांना हा डोंगर फार आवडायचा. घर बांधायचं तर इथंच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता डोंगराच्या टोकावर घर बांधायचं म्हणजे काय खायचं काम आहे? शहाणी माणसं घर बांधतात ती नदीकाठी किंवा विहिरीला पाणी लागेल अशा जागी. पण हे हौशी! १७६८ साली त्यांनी डोंगराचा माथा सपाट करायला घेतला. अडीचशे फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा खणून, तासून सारखी करायची. यंत्रं नव्हती. कुदळ, फावडं आणि माणसांचे हात, एवढंच. पुढच्या वर्षी विहीर खणायला घेतली, ती पासष्ट फूट खोल न्यावी लागली. एवढं करूनही ती उन्हाळ्यात आटायची. मग पुढे छपरावरचं पावसाचं पाणी साठवायला चार टाक्या बांधल्या. आपल्याकडच्या गडांवरची पाण्याची टाकी आठवली ना? डोंगरावर राहायचं म्हटलं, की सगळीकडे प्रश्न एकच!

जेफरसन यांचा स्थापत्यशास्त्राचा अभ्यास कुठल्याही कॉलेजातला नव्हता. त्या काळी अमेरिकेत ते शिकवणारं कॉलेजच नव्हतं. त्यांनी सगळं पुस्तकं वाचून शिकून घेतलं. त्यांचा गुरू म्हणजे त्यांच्या जन्माआधी दीडशेहून जास्त वर्षं होऊन गेलेला इटालियन वास्तुकार अँड्रिया पॅलॅडिओ. जुन्या रोमन देवळांचे खांब, त्रिकोणी माथे आणि घुमट घरांच्या बांधणीत कसे वापरायचे, हे पॅलॅडिओनं आपल्या पुस्तकांत आकृत्या काढून दाखवलं होतं.

आधी बांधून झाली ती एक छोटीशी खोली. खाली स्वयंपाकघर, वर एकच खोली. १७७० साली जेफरसन यांचं जुनं घर आगीत जळालं, तेव्हा ते या खोलीत राहायला आले. १७७२ च्या जानेवारीत त्यांचं मार्था यांच्याशी लग्न झालं. भर बर्फातून घोड्यावर बसून नवरा-नवरी रात्री उशिरा डोंगरावर पोचले आणि संसार सुरू झाला तो याच एका खोलीत!

पॅरिसहून आणलेलं वेड

हळूहळू आठ खोल्यांचं घर उभं राहिलं. पण १७८२ साली मार्था वारल्या. दोन वर्षांनी जेफरसन आपल्या नव्या देशाचे वकील म्हणून फ्रान्सला गेले. पाच वर्षं राहिले. पॅरिसमध्ये तेव्हा एका सरदाराचा नवा वाडा बांधला जात होता. समोरच्या बागेत बसून जेफरसन तो तासन्‌तास न्याहाळत बसायचे. त्या वाड्याला घुमट होता आणि बाहेरून तो एकमजली दिसायचा. झालं! यांच्या डोक्यात तेच बसलं.

परत आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी आपलं चांगलं बांधलेलं घर पाडायला घेतलं. वरचा मजला उतरवला, घर जवळजवळ दुप्पट रुंद केलं आणि मधोमध अष्टकोनी खोलीवर घुमट चढवला. हे काम चाललं कितीतरी वर्षं! मध्ये ते देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, १८०१ ते १८०९ अशी आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिले, तरी इकडे ठोकाठोक चालूच. मागच्या पडवीला पक्के खांब नव्हते, तेव्हा कितीतरी वर्षं झाडांचे ओबडधोबड बुंधेच खांब म्हणून उभे होते. राष्ट्राध्यक्षांच्या घरी पाहुणे यायचे आणि डोक्यावर पडेल की काय म्हणून वर बघत आत शिरायचे!

आता या घरातली एक युक्ती सांगतो. बाहेरून पाहाल तर घर एकमजली वाटतं. खरं तर ते तीन मजली आहे, शिवाय खाली तळघर. मग वरचे मजले गेले कुठं? दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या त्यांनी जमिनीलगत, अगदी पावलांपाशी ठेवल्या आणि खालच्या मजल्याच्या खिडक्यांना जोडून टाकल्या. त्यामुळे बाहेरून ती एकच उंच खिडकी वाटते. आणि तिसऱ्या मजल्याला उजेड येतो तो छपरातल्या काचांमधून. बघणारा फसलाच पाहिजे!

घर, दोन्हीकडच्या खोल्या आणि गच्चीखालच्या खोल्या मिळून मोजल्या तर सगळ्या त्रेचाळीस होतात.

चला, आत जाऊ

पुढच्या पडवीत उभं राहून आधी वर बघा. छताला एक तबकडी आहे आणि तिच्यावर काटा. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आहे, त्याची दांडी थेट या काट्याला जोडलेली. म्हणजे पावसात बाहेर न जाता वारा कुठून वाहतोय ते कळतं. जेफरसन यांना हवामानाच्या नोंदी ठेवायचं भारी वेड होतं.

दारावर घड्याळ आहे. त्याचे एक तोंड घराबाहेर, दुसरं दिवाणखान्यात. बाहेरच्या तोंडाला फक्त तासकाटा. शेतात राबणाऱ्यांना मिनिटांशी काय काम, असा हिशेब! आतल्या तोंडाला मात्र तास, मिनिटं, सेकंद सगळं. घड्याळाची वजनं तोफेच्या गोळ्यांसारखी आहेत. ती दोरावरून भिंतीलगत हळूहळू खाली येतात. भिंतीवर वारांची नावं लिहिलेली. वजन ज्या नावापाशी आलं, तो त्या दिवशीचा वार. दर रविवारी किल्ली द्यायची आणि आठवडा पुन्हा सुरू. पण गंमत झाली. दोर ठरला लांब आणि भिंत पडली तोकडी! मग जेफरसन यांनी जमिनीलाच भोकं पाडली. त्यामुळे शनिवार आहे तो तळघरात. म्हणजे शाळकरी मुलांचा सगळ्यांत आवडता वार बघायचा तर जिना उतरून खाली जायचं!

दिवाणखान्यातून बैठकीच्या खोलीत जायला काचेचं जोडदार आहे. एक झडप ढकलली की दुसरी आपोआप उघडते. भूत-बीत काही नाही, बरं का. जमिनीखाली इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवलेली साखळी आहे, ती दोन्ही झडपांना बांधलेली. एक फिरली की दुसरी फिरणारच.

जेफरसन यांचा पलंगही अजब जागी आहे. झोपायची खोली आणि अभ्यासाची खोली यांच्यामधल्या भिंतीत कोनाडा करून त्यात तो बसवलाय. एका बाजूनं उतरलं की अभ्यास, दुसऱ्या बाजूनं उतरलं की आरशासमोर. 'उठून अभ्यासाला बस' असं सांगायला इथं आईची गरजच नाही! अभ्यासाच्या टेबलावर दोन लेखण्या एकमेकींना जोडलेलं यंत्र आहे. एका लेखणीनं पत्र लिहिलं की दुसरी त्याची तंतोतंत नक्कल करत जाते.

जेवणघरात शेकोटीच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी दारं आहेत. त्यांच्या आत विहिरीच्या रहाटासारखी सोय. तळघरातून मद्याची बाटली एकेक करून वर येते, रिकामी खाली जाते. शिवाय एक फिरतं दार आहे, त्याला फळ्या लावलेल्या. पलीकडून जेवणाच्या ताटल्या फळ्यांवर ठेवायच्या, दार फिरवायचं, की जेवण खोलीत हजर!

आइसक्रीमही व्हायचं बरं का इथं. हिवाळ्यात खालच्या रिव्हाना नदीचा बर्फ तोडून आणून खोल खड्ड्यात साठवायचे. जेफरसन यांच्या हस्ताक्षरातली आइसक्रीमची कृती आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे.

आणि एवढ्या हौसेनं बांधलेला तो घुमट? त्याखालची खोली घरातली सगळ्यांत देखणी. पिवळ्या भिंती, हिरवी जमीन, गोल खिडक्या, वर उजेडासाठी गोल काच. पण तिथं जायचा जिना जेमतेम दोन फूट रुंद आणि शिडीसारखा उभा! मोठा जिना म्हणजे जागेची नासाडी, असं जेफरसन यांचं मत. त्यामुळे ती खोली फारशी कधी वापरलीच गेली नाही. बराच काळ तिथं अडगळ पडलेली असायची. राहत्या माणसांचे हालच. जेफरसन यांची थोरली मुलगी आणि तिची अकरा मुलं या घरात राहत. लांब झगे घालून, हातात मेणबत्ती धरून त्या जिन्यावरून चढायचं-उतरायचं, म्हणजे विचार करा.

न दिसणारे हात

आता थोडं थांबा. आपण पाहिलेल्या गोष्टी आठवा. जेवण फिरत्या दारातून येतं. बाटली भिंतीतून येते. स्वयंपाकघर, धान्याची कोठी, बर्फाचा खड्डा हे सगळं दोन्हीकडच्या गच्च्यांच्या खाली, डोंगराच्या उतारात बसवलेलं. पुढच्या हिरवळीवर उभ्या असलेल्या पाहुण्याला त्यातलं काहीच दिसत नाही.

पण त्या फिरत्या दारामागे ताटल्या ठेवत कोण होतं? तळघरात बाटली कोण लावत होतं? डोंगराचा माथा कुणी कापला? विटा कुणी भाजल्या?

मॉन्टिचेलो हे नुसतं घर नव्हतं. ते 'प्लँटेशन'मधलं घर होतं. प्लँटेशन म्हणजे आपल्या ओळखीचं शेत नव्हे. हजारो एकर जमीन, विकण्यासाठी काढलेलं पीक (इथं आधी तंबाखू, मग गहू) आणि ते काढायला गुलाम. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली माणसं आणि त्यांची इथंच जन्मलेली मुलं, नातवंडं. त्यांना पगार नाही, सोडून जायची मुभा नाही. आईबापांपासून मुलं तोडून विकली तरी कायद्यानं तो गुन्हा नाही. जेफरसन यांच्या सबंध आयुष्यात सहाशेहून जास्त माणसं त्यांच्या मालकीची होती. एकट्या मॉन्टिचेलोवर एका वेळी साधारण एकशे तीस माणसं असत.

घराच्या खालच्या अंगाला 'मलबेरी रो' म्हणजे तुतीच्या झाडांची एक वाट आहे. तिच्या कडेला सुतारशाळा, लोहारशाळा, मांस धुरावायची खोली आणि गुलामांच्या झोपड्या होत्या. १७९४ साली तिथं खिळे करायचा कारखाना निघाला. त्यात काम कोण करायचं, ठाऊक आहे? दहा ते सोळा वर्षांची मुलं. म्हणजे पाचवी ते दहावीतली! भट्टीच्या धगीत उभं राहून ही दहा-बारा मुलं दिवसाला आठ ते दहा हजार खिळे ठोकत. लोखंड किती दिलं, खिळे किती झाले, वाया किती गेलं, याचा मुलागणिक हिशेब स्वतः जेफरसन वहीत लिहून ठेवत.

आणि हेच जेफरसन, मित्रांनो, १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे! सगळी माणसं समान जन्माला येतात, हा त्यातला विचार पुढे साऱ्या जगात गेला. गुलामगिरी वाईट आहे हे ते स्वतः लिहीत, बोलत. बाहेरून नवे गुलाम आणायला बंदी करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही त्यांचीच. पण आपल्या माणसांपैकी त्यांनी हयातीत फक्त दोघांना कायदेशीर मुक्त केलं आणि मृत्युपत्रात पाच जणांना. सहाशेतले सात.

या हातांची नावं आज आपल्याला माहीत आहेत. जॉन हेमिंग्ज हा कुशल सुतार. घरातलं नक्षीदार लाकूडकाम आणि कितीतरी सामान त्यानं केलं. जेफरसन गेले तेव्हा त्यांची शवपेटीही त्यानंच बनवली. जेम्स हेमिंग्जला जेफरसन आपल्याबरोबर पॅरिसला घेऊन गेले होते. तो तिथं फ्रेंच स्वयंपाक शिकला. इकडे आल्यावर आपल्या धाकट्या भावाला तो स्वयंपाक शिकवायचा, मगच तुला सोडीन, ही अट. ती त्यानं पुरी केली आणि १७९६ मध्ये तो मोकळा झाला. जाताना त्यानं स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या हातानं लिहून दिली. ती यादी आजही आहे. अक्षर सुरेख आहे.

या दोघांची बहीण सॅली हेमिंग्ज. तिच्या मुलांचे वडील स्वतः जेफरसन होते, असं तिच्या वंशजांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. पुष्कळ वर्षं बड्या विद्वानांनी ते धुडकावून लावलं. १९९८ साली वंशजांच्या रक्ताची तपासणी झाली, जुने कागद पुन्हा तपासले गेले, आणि आता बहुतेक इतिहासकार तिच्या घरच्यांचं म्हणणंच खरं धरतात. म्हणजे त्या खांबांच्या पडवीखाली बापाचीच लेकरं गुलाम म्हणून काम करत होती.

अकरा वर्षांचा पीटर

४ जुलै १८२६. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली, आणि त्याच दिवशी जेफरसन वारले. वय ८३. मागे राहिलं एक लाख डॉलरांहून जास्त कर्ज! हौसेचं घर, सततचे पाहुणे, पुस्तकं, मित्रासाठी घेतलेली हमी, सगळं त्यात आलं.

कर्ज फेडायला जानेवारी १८२७ मध्ये डोंगरावर लिलाव पुकारला. पलंग, खुर्च्या, गुरं, नांगर आणि १३० माणसं. एकाच यादीत.

त्या गर्दीत पीटर फॉसेट नावाचा अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील जोसेफ म्हणजे इथले मुख्य लोहार. मृत्युपत्रात ज्या पाच जणांना मुक्ती मिळाली, त्यांतले एक. पण त्यांची बायको एडिथ (ती घरातली मुख्य स्वयंपाकीण) आणि मुलं यांचं नाव त्यात नव्हतं. बापाच्या डोळ्यांदेखत ती वेगवेगळ्या लोकांना विकली गेली. पीटर एकटा एका कुटुंबाकडे गेला.

जोसेफनं हातोडा खाली ठेवला नाही. राबून, पैसा जमवून, नातेवाइकांची मदत घेऊन त्यानं बायकोला आणि काही मुलांना परत मिळवलं आणि पुढे ती मंडळी ओहायो राज्यात गेली. तिथं गुलामगिरी नव्हती. पीटरचा मालक मात्र त्याला विकायला तयार होईना. पीटर चोरून लिहायला-वाचायला शिकला, रात्री गुपचूप दुसऱ्यांनाही शिकवू लागला. दोनदा पळाला, दोनदा पकडला गेला, पुन्हा लिलावात उभा राहिला. शेवटी घरच्यांनी आणि मित्रांनी पैसे गोळा करून त्याला सोडवलं. १८५० च्या सुमारास, पस्तिशीच्या आसपास, तो आपल्या आईवडिलांच्या गावी, सिनसिनाटीला पोचला. पुढे तो तिथं धर्मोपदेशक झाला आणि पळून आलेल्या कितीतरी गुलामांना त्यानं मदत केली.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८६५ साली. त्यासाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांची आठवण आपल्या महाराष्ट्रातही एका माणसानं ठेवली होती. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, ते त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच अर्पण केलं. पुण्यात बसलेला माणूस तिकडची लढाई आपली मानत होता!

घराला नवे मालक

रिकाम्या घराचं काय झालं? १८३१ मध्ये ते गावातल्या जेम्स बार्कले नावाच्या औषधविक्यानं घेतलं. त्याला इथं रेशमाचे किडे पाळायचे होते. तुतीची झाडं लावली, पण रेशीम काही निघालं नाही. तीन वर्षांत त्यानं घर विकायला काढलं.

१८३४ साली ते घेतलं युराया लेव्ही यांनी. हे अमेरिकेच्या नौदलातले अधिकारी. दहाव्या वर्षी घरातून पळून जहाजावर गेलेले! ते ज्यू होते आणि त्यापायी नौदलात त्यांना बरेच टोमणे आणि त्रास सोसावा लागला. कुणालाही आपापला धर्म पाळायची मोकळीक असावी, असा कायदा व्हर्जिनियात जेफरसन यांनी आणला होता. म्हणून लेव्ही यांना त्यांच्याबद्दल फार आदर. पडायला आलेलं घर त्यांनी २,७०० डॉलरना घेतलं आणि डागडुजी केली. त्यांची आई राचेल १८३९ मध्ये इथंच वारली. तिची समाधी मलबेरी रोवर आहे. नौदलातली फटक्यांची शिक्षा बंद व्हावी म्हणून लेव्ही भांडले. पण या डोंगरावर त्यांनीही गुलाम ठेवलेच होते, हेही सांगायला हवं.

१८६२ मध्ये लेव्ही वारले. तेव्हा उत्तर आणि दक्षिण राज्यांचं युद्ध चालू होतं. दक्षिणेनं घर जप्त करून विकून टाकलं. युद्ध संपल्यावर वारसांची कोर्टबाजी सुरू झाली, ती सतरा वर्षं चालली! तोवर घर एका राखणदाराच्या हाती. त्यानं काय करावं? बैठकीच्या खोलीत धान्य साठवलं, तळघरात गुरं बांधली. खिडक्या फुटल्या, छप्पर गळू लागलं. आपल्याकडच्या भावकीच्या वाड्यांची अशी गत झालेली तुम्ही पाहिली असेल.

अखेर १८७९ मध्ये युराया यांचे पुतणे जेफरसन मनरो लेव्ही यांनी बाकीच्या वारसांचे हिस्से १०,०५० डॉलरना घेतले. बघा, पुतण्याचं नावच 'जेफरसन'! त्यांनी पुष्कळ खर्च करून घर पुन्हा उभं केलं. १९२३ साली एका विश्वस्त संस्थेनं ते पाच लाख डॉलरना विकत घेतलं आणि सगळ्यांना पाहायला खुलं केलं. युद्धाचा काळ धरला तर लेव्ही घराण्याची इथली वर्षं जवळजवळ नव्वद भरतात. स्वतः जेफरसन यांच्याहूनही जास्त! तरी बरीच वर्षं येणाऱ्या पाहुण्यांना त्यांचं नावसुद्धा सांगत नसत. १९८५ मध्ये राचेल यांच्या समाधीपाशी पाटी लावून त्या घराण्याचं ऋण मानलं गेलं. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, हे घर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

आज गेलात तर

फार वर्षं इथले वाटाडे घड्याळ, घुमट आणि फिरतं दार दाखवून पाहुण्यांना परत पाठवत. 'गुलाम' हा शब्दही टाळत. ते हळूहळू बदललं. मलबेरी रो उकरली गेली, तेव्हा मातीतून खिळे, बशांचे तुकडे, गुंड्या निघाल्या. १९९३ पासून इथल्या गुलामांचे वंशज शोधून त्यांच्या घरच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात झाली. २००१ मध्ये मोटारी उभ्या करायच्या जागेजवळ एक जुनी दफनभूमी ओळखली गेली. साधारण चाळीस थडगी, कुणावरही नाव नाही. आता तिला कुंपण आहे, तिथं लोक शांत उभे राहतात. २०१८ मध्ये गच्चीखालची एक खोली सॅली हेमिंग्जच्या स्मरणासाठी खुली केली.

जेफरसन यांची समाधीही डोंगरावरच आहे. तिच्यावर काय कोरायचं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं : स्वातंत्र्याचा जाहीरनामा, धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि त्यांनी काढलेलं विद्यापीठ. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेखच नाही! त्यांचे मोठेपण त्या दगडावर आहे. चाळीस थडग्यांवर मात्र काहीच नाही. दोन्ही जागा एकाच डोंगरावर आहेत आणि दोन्ही पाहिल्याशिवाय मॉन्टिचेलो पाहिलं असं म्हणता येत नाही.

आणि पीटर फॉसेट? १९०० साली, पंच्याऐंशी वर्षांचा म्हातारा होऊन, तो एकदा मॉन्टिचेलोला परत आला. अकराव्या वर्षी जिथून विकला गेला, त्या घरात तो या वेळी पुढच्या दारानं शिरला, पाहुणा म्हणून.

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही एखादा वाडा, राजवाडा किंवा गड बघायला जाल. तिथला माणूस तुम्हाला दरबार दाखवील, झुंबर दाखवील, राणीचा महाल दाखवील. ते सगळं मन लावून बघा. मग त्याला विचारा, 'काका, हे दगड कुणी घडवले? पाणी कोण भरायचं? ती माणसं राहायची कुठं?' काय उत्तर मिळतंय ते वहीत लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा!